उजेड तिचा, चावी तिची

लाईन गेली का शीला पदर खोचे. पोट्ट्यायले तेवढंच पाह्याचं असे. घाटंजीच्या अलीकडचं गाव, लोडशेडिंगचे दिवस, दिवेलागणीले लाईन जे जाये ते पोट्टे पेंगून आडवे झाले तरी यायचं नाव नाही! अन् विहाराच्या बाजूच्या अभ्यासिकेत दहावीवाले, बारावीवाले, पोलीस भरतीवाले, सगळे मांडीवर पुस्तकं घेऊन अंधारात बसलेले. मंग मागच्या खोलीचं कुलूप खडखडे अन् शीला गॅसबत्ती घेऊन निंघे. घासलेट भरलं, पिन मारली, पंप देला, फुस्स फुस्स फुस्स, काचेतलं मेंटल आधी लाल, मंग पिवळं, अन् मंग भप्पकन पांढरंफट्ट! पोट्टे वरडत, "झाली, मोठीमायची बत्ती झाली!" अन् टाळ्या. खरंच टाळ्या! अन् ओट्यावरून बाबाराव, म्हणजे शीलाचा सासरा, विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष, थो म्हणे, "शीला आली, उजेड आला." रोज म्हणे. शीला रोज लाजे, अन् रोज वाट पाहे का म्हातारा कवा म्हणते.

आता अशा बाईच्या पोटात आग पडाले काय लागते? एक धाकटी जाऊ लागते, अन् एक कपाट.

जाऊ म्हणजे उर्वशी. धम्मरत्नची बायको, घाटंजीची पोरगी, बारावी सायन्स. एकच आंगण, दोन चुली. भांडण असं कधी नव्हतं. शीला तिले भाकर थापाले शिकवे, उर्वशी शीलाले मोबाईलमधी नंबर लावून दे. चाललं होतं बरं.

अन् कपाट म्हणजे थे मशीन. खेमसिंग सरांनं आणली. सर आपल्याच जिल्ह्यातल्या तांड्यावरचे, आता मोठ्या इंजिनेरिंग कालेजात शिकवतात. त्यायले अशी एक इमारत पाह्यजे होती का जिथं लाईन रोज जाते. म्हटलं, या ना सर, आमच्याकडं दुसरं आहेच काय! टेम्पोतून उभं लोखंडी कपाट उतरलं, लांबलचक लाल सिलेंडर उतरले, सिलेंडर मागच्या भिंतीले बाहेरून जाळीच्या पिंजऱ्यात उभे केले, कपाट मागच्या खोलीत. हो, त्याच खोलीत, जिथं शीलाची गॅसबत्ती खुंटीले राहे, सतरंज्या राहत. सतरंज्या विहारात गेल्या. गॅसबत्ती शीलाच्या घरी आली.

सरांनं सगळ्या गावाले समजावलं. "यात डिझेल नाही, धूर नाही. सिलेंडरातला हायड्रोजन अन् खोलीतली हवा, दोघांची आतमध्ये गाठ पडते. त्यातून करंट निघते, अन् उरते ते फक्त पाणी. या नळीतून ठिबकेल."

विठ्ठलराव पाटील मागून म्हणाले, "म्हणजे हवा खाते अन् मुतते?"

"हो काका, तसंच समजा."

निरा हसणं! शीलाही हासली. पदर तोंडाले लावून हासली. त्या मशीनपायी थे तिचं शेवटचं हासणं होतं, सांगून ठेवतो.

मंग सर गंभीर झाले. "आता नीट ऐका. मशीन श्वास घेते. ही समोरची जाळी म्हणजे तिचं नाक. म्हणून या खोलीत काहीही ठेवायचं नाही. झाडूसुद्धा नाही. वरचं रोशनदान उघडं, कारण हायड्रोजन हलका, चुकून निसटला तर वरून निघून जातो. आणि इथं आग नाही. बिडी नाही, अगरबत्ती नाही, चिमणी नाही. गॅसबत्ती तर नाहीच नाही."

गॅसबत्ती म्हटल्याबरोबर सगळ्या माना शीलाकडं वळल्या.

"मशीन सांभाळणार कोण?" सरांनं विचारलं.

बाबाराव म्हणाला, "शीला, चावी दे व."

शीलानं कंबरेची चावी काढून देली. तिले वाटलं, म्हातारा सरले दाखवन अन् परत देईन. इतके वर्सं तिच्याचजवळ त होती! म्हाताऱ्यानं चावी घेतली अन् उर्वशीच्या हातात ठेवली. "हे सायन्स शिकलेली आहे सर. आमची धाकटी सून."

बस. एवढंच झालं. कोणं शीलाले शिवी देली नाही, कोणं हाकललं नाही. पण तिच्या कानात असं झालं जसं कोणं फटकन दार लावलं. अन् एक गोष्ट. त्या कुलपाच्या दोन चाव्या होत्या. एक देली. दुसरी कंबरेच्या बटव्यात राह्यली. मुद्दाम नाही ठेवली. बरं, थोडी मुद्दाम.

पहिल्या दिवशी लाईन गेली तशी सवयीनं शीलाचा पदर खोचला गेला. विसरलीच ना थे! पंप देला, मेंटल पेटलं, गॅसबत्ती धरून आंगणाबाहेर आली, पाह्यते त काय, अभ्यासिका लख्ख! खिडक्यायतून असा उजेड सांडून राह्यला का बाहेरची कोंबडी खुराड्यातून मुंडी काढून पाहे. पोट्टे नाचून राह्यले. "उर्वशीकाकू! उर्वशीकाकू!" अन् दारात उर्वशी, हातात चावी फिरवत. अन् शीला कुठं? रस्त्याच्या मधोमध, सुरसुर करणारी गॅसबत्ती घेऊन, जशी भर दुपारी कंदील घेऊन उभी.

एक बारकं पोट्टं म्हणालं, "मोठीमाय, तू कायले आणली व? आमाले आता हे आहे."

बाबाराव ओट्यावर होता. शीलानं वाट पाह्यली. म्हातारा बोलला, पण काय बोलला? "वा उर्वशी! दिवस उगवला."

शीलानं गॅसबत्तीची हवा सोडली. फुस्स.

त्याच्यानंतर तिचं मन कशातच लागेना. भाकर थापे त करपे. उर्वशी आंगणातून गेली का शीलाले चावीचा खुळखुळ ऐकू ये. चावी त एकच होती, एक चावी खुळखुळते का कुठं? पण तिले ऐकू ये. अन् शेजारची नलू होतीच तेल ओताले. नलूले दुसऱ्याच्या चुलीत काडी सारल्याबिगर अन्न पचत नाही.

"काय वो शीला," नलू म्हणे, "आता त तुही जाऊ म्हणजे लाईनबाईच झाली! परवा विठ्ठलरावाच्या वच्छलाबाईनं तिले बोलावून चहा पाजला. पाटलाच्या घरी! तुले बोलावलतं का कधी?"

"मले कायले बोलावन? म्या काय बटन दाबलं?"

"तेच म्हणतो. तू इतके वर्सं पंप मार मार मारला, हाताले घट्टे पडले. अन् थे नुसती उभी राह्यते."

खरंच नुसती उभी राहे. मशीन आपोआप चालू होये. उर्वशीचं काम काय, त जाळी पुसणं, रोशनदान पाहणं, अन् भिंतीबाहेर काढलेल्या नळीखालची बादली उचलणं. त्या बादलीतलं पाणी उर्वशी विहारापुढच्या पिंपळाच्या रोपट्याले टाके. रोपटं बी तिनंच लावलेलं. अन् थे रोपटं काय वाढलं राजा! लालचुटूक पानं. येणारा जाणारा म्हणे, "मशीनच्या पाण्याचा पिंपळ पाहा." शीलाले त्या पिंपळाचाही राग ये. बोधिवृक्षाचा राग, सांगा आता! वंदनेले बसली का मनातल्या मनात माफी मागे, अन् डोळे उघडले का पुन्हा त्याच पानायकडं पाहे.

तिनं आपल्याकडून करून पाह्यलं. बायायमधी म्हणे, "मशीन खोकते वो, म्या ऐकलं." कोणी मनावर घेतलं नाही. म्हणे, "त्या उजेडानं पोरायचे डोळे जातीन." पोरायचे नंबर वाढले, पण परीक्षेतले. काय करता!

आता कापसाचं ऐका, कारण खरी गोष्ट तिथूनच पेटली.

त्या वर्षी कापसाले भाव नव्हता. आज वाढन, उद्या वाढन म्हणून सगळ्यायनं कापूस घरातच दाबला. अभ्यासिका सोडली त गावात एक खोली रिकामी नव्हती. माणसं ओसरीत अन् कापूस घरात. पोट्टे ढिगावर झोपत अन् रात्रभर खाजवत. हवेत रुई, चहात रुई, बोललं त तोंडात रुई. धम्मरत्ननं आपला कापूस पडत्या भावात देऊन टाकला होता, उर्वशीची खोली मोकळी झाली. पण शीलाच्या घरवाल्यानं, संघदीपनं, हट्टानं ठेवला. दोन्ही खोल्या आढ्यापर्यंत, उरलेले गाठोडे ओसरीत.

शीला उर्वशीले म्हणाली, "थोडे गाठोडे त्या मागच्या खोलीत ठेवू का व? कोरडी आहे, कुलूप आहे."

"नाही ताई. मशीनले हवा लागते ना."

"मशीनले हवा लागते, अन् आमाले?"

"ताई, तसं नाही. सरांनं सांगितलं..."

"राहू दे. तुह्या सरांनं सांगितलं."

"माह्या घरात ठेवा ना. माही खोली रिकामीच आहे."

आता पाहा, थे घरातली खोली देऊन राह्यली होती! पण शीलाले थे खोली कुठं पाह्यजे होती? तिले थेच खोली पाह्यजे होती जिथं तिची खुंटी होती. "तुह्या घरातली भिक नाही लागत मले," म्हणाली अन् गेली.

मंग एक दिवस उर्वशी माहेरी निंघाली, घाटंजीले. भाच्याचं नाव ठेवायचं होतं. जाता जाता तिनं चावी कोणाजवळ देली? बाबारावजवळ! शीला तिथंच आंगणात तूर पाखडत बसलेली, सुपाएवढ्या अंतरावर, तिच्या डोक्यावरून हात नेऊन देली. "मामाजी, चालू आपोआप होते. काही झालं तरच उघडजा. मी दिवेलागणीले येतेच." अन् शीलाकडं पाहून, "ताई, पोरायकडं लक्ष ठेवजा."

शीलानं असं सूप झाडलं का अर्धी तूर आंगणात.

बाबाराव लग्नाच्या बैठकीले केळापूरले गेला, चावी खिशात. संघदीप वावरात, चण्यावर. अन् दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. अवकाळी! काळं कुट्ट, वारं, अन् ओसरीत कापसाचे गाठोडे उघडे. उर्वशीची खोली? तिले ती कडी लावून गेलती, कुलूप नव्हतं. ढकललं असतं त उघडली असती. शीलानं त्या दाराकडं पाह्यलंही नाही. तिचा हात सरळ बटव्यात गेला.

"नलू! ये व, हात लाव!"

नलूनं चावी पाह्यली अन् डोळे मोठे केले. "अवं माय! हे कुठून आली?"

"माहीच आहे."

"अन् उर्वशी आली त?"

"खोली तिच्या बापानं बांधली का? गावानं वर्गणीतून बांधली. म्या टोपल्यानं रेती वाह्यली तिथं. चाल!"

दोघीयनं धावत धावत गाठोडे वाह्यले. कुलूप उघडलं. खोली कशी, त चकचकीत, पुसलेली, मधात थे कपाट, हिरवा दिवा लावून गप उभं. शीलाले वाटलं, थे आपल्याकडं पाहून राह्यलं. "पाह्य," तिनं त्याले म्हटलं, खरंच म्हटलं, "माही खोली आहे हे." अन् गाठोडे रचले. मागं जागा उरली नाही तसे समोर रचले, जाळीले टेकवून. एक गाठोडं फुटलं, रुई सगळीकडं. रोशनदानातून पावसाचे शितोडे येऊन राह्यले होते, म्हणून तिथं पोतं कोंबलं. घट्ट. मंग कुलूप लावलं अन् शीला असं शांत झाली, जसं लय दिवसाचं ठसठसणारं गळू फुटलं.

पाऊस फार झाला नाही. अर्धवट पडला अन् थांबला. दिवेलागण झाली, लाईन गेली. अभ्यासिकेत मशीनचा उजेड आला, पोट्टे बसले. बाबारावही बैठकीवरून परतला, ओट्यावर टेकला. शीला आपल्या दारात भाकरीचं पीठ मळत होती, पण डोळे तिकडंच. अन् उजेड जराक मिणमिणला. पुन्हा आला. पुन्हा मिणमिणला. अन् गेला.

अंधार! आतून एक आवाज, टीं... टीं... टीं... पोट्ट्यायचा कालवा. "काय झालं बे?" "मशीन मेली का?" "उर्वशीकाकू कुठं आहे?" "गावाले गेली!"

अन् त्या अंधारातून एक आवाज आला, "मोठीमाय! बत्ती आण ना व!"

मंग दुसरा. मंग सगळे मिळून. "मोठीमाय! बत्ती! मोठीमाय! बत्ती!"

काय सांगू तुमाले! पिठाचे हात तसेच. पदर खोचला. घासलेट, पिन, पंप. हात कसे चालले, जसे कधी थांबलेच नव्हते. मेंटल लाल, पिवळं, भप्प! रस्त्यावर निंघाली त पोट्ट्यायनं वाट करून देली, टाळ्या, शिट्ट्या. अन् ओट्यावरून म्हातारा म्हणाला. म्हणालाच! "शीला आली, उजेड आला."

त्या घडीले तिले कोणं मागितलं असतं त जीव काढून देला असता.

पण टीं टीं थांबेना. बाबाराव म्हणाला, "शीला, जरा मागं पाह्य व, थे काय वरडून राह्यलं." अन् चावीसाठी आपला खिसा चाचपू लागला, पण शीला कुठं थांबते! ती उजेडाच्या नशेत होती. गॅसबत्ती धरून अभ्यासिकेच्या मागं गेली, सगळे पोट्टे तिच्या पाठीमागं, पिंजऱ्यातल्या लाल सिलेंडराजवळून, 'आग आणू नये' लिहिलेल्या पाटीखालून, अन् एका हातात सुरसुरणारी बत्ती, दुसऱ्या हातानं चावी कुलपात घातली.

तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली. उर्वशी उतरली. अभ्यासिका काळी पाह्यली अन् मागच्या भिंतीवर गॅसबत्तीचा उजेड हालताना पाह्यला. पिशवी तिथंच टाकली अन् पळत सुटली. "ताई! थांबा! बत्ती मागं घ्या! ताई!"

शीलानं वळून पाह्यलं अन् काय म्हणाली माहीत आहे? "आली का! माही बत्ती पेटली अन् खुपली हिच्या डोळ्यात!"

अन् चावी फिरवली.

उर्वशीपुढं सतरा पोट्ट्यायची गर्दी. हात पोचणार नाही. नळीखाली बादली भरलेली होती, तेच मशीनचं पाणी. उचलली अन् शीलाच्या अंगावर, बत्तीसकट, भस्सकन!

काच तडकली, तडाक! मेंटलची राख झाली. अंधार. अन् त्या अंधारात शीला चिंब, हातात फुटकी गॅसबत्ती.

एक पोट्टं म्हणालं, "मशीननं मोठीमायले आंगोळ घातली." कोणी हासलं नाही.

उर्वशीनं मोबाईलची बॅटरी लावली, दार ढकललं. उजेड पडला अन् समोर पांढरी भिंत. कापूस. आढ्यापर्यंत. रोशनदानात पोतं. कपाटाचा लाल दिवा कापसातून असा दिसे जसा कोणी गोधडीत गुदमरून राह्यलं.

उर्वशी हळूच म्हणाली, "ताई, यात एक ठिणगी पडली असती त... हे पोट्टे उभे होते ना इथं."

तेव्हा शीलाले कळलं. पोट्ट्यायकडं पाह्यलं, एकेकाचं तोंड पाह्यलं. पण सांगू का, थे भीती टिकली नाही. पोट्ट्यायनं कापूस बाहेर काढला, उर्वशीनं आधी पोतं काढलं, दार उघडं ठेवून खोली हवेशीर केली, मंग जाळीमागून फिल्टर काढला, त्याच्यावर रुईची घोंगडीच बसलेली, थे सोलून फेकली, पुन्हा बसवला, बटन दाबलं. उजेड आला. अन् टाळ्या वाजल्या. "उर्वशीकाकू!" शीला चिंब होऊन फुटकी बत्ती धरून उभी होती, अन् भीतीच्या जागी तिच्या छातीत पुन्हा थेच कुरतडणं सुरू झालं.

मशीन बंद पडली हे सरले मोबाईलवर आपोआप कळे. दुसऱ्या दिवशी सर हजर. अभ्यासिकेत सगळं गाव जमलं. सरचं तोंड उतरलेलं.

"ढाणकीची अभ्यासिका कधीची मशीन मागते आहे," सर म्हणाले. "इथं असं होणार असेल, तर मला ती हलवावी लागेल. मला आधी सांगा, कापूस कोणी ठेवला?"

दहावीच्या एका पोट्टीनं ओठ दाताखाली धरला. नलू भिंतीच्या चिरा मोजून राह्यली होती. बाबाराव म्हणाला, "चावी त माह्या खिशात होती सर..."

अन् शीलाच्या डोक्यात लख्ख झालं. गप बसली त? मशीन गेली त गेली, नाहीतर उर्वशीची चावी जाईन. काहीही झालं त फायदा आपलाच. फक्त गप बसायचं.

उर्वशी उठली. "सर, चूक माही आहे. आभाळ पाहून म्याच सांगितलतं कापूस ठेवाले. ताईयचा काही दोष नाही."

शीलाचा आ वासला.

सर तिच्याकडं पाह्यत राह्यले. "तुम्ही? तुम्हाला तर सगळं समजावलं होतं." उर्वशीनं मान खाली घातली. सरचा आवाज नरमला. "बरं. चूक केली, पण लपवली नाही. चारचौघात खरं बोलायला छाती लागते. अशी माणसं कमी असतात."

अन् सगळ्या अभ्यासिकेत कुजबुज. "वा!" "मन पाहा ना पोरीचं!" विठ्ठलरावानं टोपी हालवली. अन् नलू, त्या नलूले धरून आपटलं पाह्यजे, नलू शीलाच्या कानाशी लागून म्हणते काय, "देवमाणूस आहे वो तुही जाऊ."

शीलाचा बांधच फुटला.

"खरं? खरं बोलून राह्यली म्हणता?" थे उभीच राह्यली. "सर, निरी खोटं बोलून राह्यली थे! कापूस म्या ठेवला! म्या! ह्या हातानं! जाळीले टेकवून म्या रचला, पोतं म्या कोंबलं, चावी बी माहीच होती, दुसरी! हे पाहा!" बटव्यातून चावी काढून तिनं टेबलावर आपटली. "उजेड तिचा, चावी तिची, पिंपळ तिचा, आता माही चूकही तिच्याच नावावर का? एवढी त माही राहू द्या!"

सर कधी चावीकडं पाहत, कधी शीलाकडं.

मंग बाबाराव हासला. आधी खोकल्यासारखं, मंग पोट धरून. त्याच्यामागं पोट्टे, मंग सगळे. फक्त दोघी हासल्या नाही. उर्वशी शीलाकडं रागानं पाह्यत होती. "ताई, म्या वाचवून राह्यली होती ना तुमाले!"

"तुले कोणं सांगितलं वाचवाले?"

सरांनं उर्वशीकडं बोट केलं. "म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोललात." अन् तिले असं झापलं, सगळ्यायसमोर, का तिचे कान लाल झाले. शीलाले काय थंडावा वाटला! उन्हाळ्यात माठात हात घातल्यासारखा.

मंग सर शीलाकडं वळले. तिलेही झापलं, उर्वशीच्या दुप्पट. पोट्टे होते, सिलेंडर होते, उघडी बत्ती होती, एकेक गोष्ट सांगितली. शीला ऐकत राह्यली. खाली पाह्यलं नाही, पण डोळे भरले.

"मशीन नेता का सर?" दहावीच्या पोट्टीनं विचारलं.

सरांनं कपाळ चोळलं. "जिथं लोक चूक स्वतःच्या नावावर करायला भांडतात, तिथून मशीन कशाला नेऊ? पण या गावाच्या हवेतच रुई आहे. माझ्या हिशेबात जाळी आठवड्यातून एकदा पुसायची होती. इथं कापूस आहे तोवर रोज पुसावी लागेल. रोज. हे काम जास्तीचं आहे."

"मी करते," उर्वशी म्हणाली.

"हे काय करन!" शीलाच्या तोंडून निंघूनच गेलं. "हिनं कापूस वेचला का कधी? बोंडातली रुई काढताना नखं मोडतात हिचे. म्या पुसन."

अन् असं झालं. टेबलावरची चावी सरांनं उचलून शीलापुढं सरकवली.

आता कोणी म्हणन, झालं, दोघी गळ्यात पडल्या. कायच्या पडतात! आजही लाईन गेली का मशीन चालू होते, उजेड पडते, पोट्टे सवयीनं "उर्वशीकाकू!" वरडतात, अन् मागच्या खोलीतून, हातात बुरूस घेऊन, शीला तिच्याहून जोरात वरडते, "जाळी कोणं पुसली विचारा ना बे!"

अन् परवाची गोष्ट. घाटंजीच्या बाजारातून उर्वशी आली, शीलाच्या ओट्यावर कागदात गुंडाळलेलं काही ठेवलं अन् न बोलता आपल्या घरात गेली. शीलानं उघडलं. गॅसबत्तीची काच. नवीन. तिनं उजेडाकडं धरून पाह्यली, बोट फिरवलं, कुठं बुडबुडा नाही, कुठं ओरखडा नाही. जुन्या बत्तीत बसवली त अशी चपखल बसली का विचारू नका. बत्ती घरच्या खुंटीले टांगून शीला लय वेळ तिच्याकडं पाह्यत बसली.

नलूनं कुडावरून विचारलं, "काहून गप गप आहे व? काच खराब निंघाली का?"

"खराब निंघाली असती त बरं झालं असतं," शीला म्हणाली. "जुनीहून चांगली आहे."